मराठी मंडळांना खुले पत्र : मुलांना ‘धीट’ करायच्या आधी

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

हल्ली बऱ्याच मंडळांच्या पत्रकात एक नवा कार्यक्रम दिसतो : मुलांसाठी स्टेज डेअरिंगची कार्यशाळा. शनिवारची सकाळ, हायस्कूलपर्यंतची मुलं, फी माफक, मधल्या सुट्टीत वडापाव. तिथे मुलांना खांदे मागे घ्यायला, पोटातून श्वास घ्यायला, समोरच्याकडे बघून बोलायला शिकवतात. मी इथल्या हायस्कूलच्या मुलांना भाषण आणि वादविवाद शिकवते, स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, त्यामुळे अशा कार्यशाळांना मलाही बोलावणं येतं आणि मी जातेही. श्वासाचे व्यायाम उपयोगी आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी तक्रार आहे ती पत्रकातल्या पहिल्या वाक्याबद्दल. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर तोच असतो : आपली मुलं हुशार आहेत, पण स्टेजवर बुजतात.

हे वाक्य लिहिताना आपण मुलांचं कौतुकच करतोय असं आपल्याला वाटतं. पण शाळेतल्या पालक-शिक्षक भेटीत गोरी बाई आपल्या मुलाबद्दल अगदी हेच सांगते. अभ्यासात उत्तम, जरा गप्प असतो, मत मांडत नाही. ती हे त्या मुलाला पाहून सांगते, की त्या रंगाच्या आणि तशा नावाच्या सगळ्याच मुलांसाठी तिच्याकडे हे वाक्य तयार असतं, ते कळायला मार्ग नसतो. आता तेच वाक्य आपण मराठीत, मंडळाच्या लेटरहेडवर छापतो आहोत.

म्हणून हे पत्र. आपल्या मुलांना चारचौघांत बोलायची जी भीती वाटते, तिचा बराच भाग स्वभावातून येत नाही. समोर बसलेल्यांनी आपल्याबद्दल आधीच काय ठरवून ठेवलंय, याचा मुलांना अंदाज असतो, आणि बऱ्याचदा तो बरोबर असतो. समोर बसलेल्यांत आपणही असतो, म्हणून हे मंडळांना लिहिते आहे, शाळांना नाही. शाळांना इंग्रजीत वेगळं लिहीनच.

आधी भीतीबद्दल थोडं. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसावर प्रयोगशाळेत ताण आणायची एक पद्धत १९९३ साली प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरतात. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण करायला लावायचं, आणि ते संपलं की तोंडी वजाबाक्या. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, हमखास वाढतं. पुढे २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताणावरच्या २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. काम नुसतं अवघड असलं म्हणून कॉर्टिसोल फारसं वाढत नव्हतं. कोणीतरी आपल्याला जोखतंय आणि काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे ते सर्वांत जास्त वाढलं.

जोखलं जाणं सगळ्याच वक्त्यांच्या वाट्याला येतं. काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही, ही भावना मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. वंशाचा शिक्का तिथे आडवा येतो.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण फ्रेडरिक डग्लसचं आहे. हा माणूस पुढे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला बहुधा सर्वांत मोठा वक्ता झाला. १८३८ साली तो गुलामीतून पळाला आणि १८४१ च्या ऑगस्टमध्ये नँटकेट बेटावर गुलामगिरीविरोधी सभेत गोऱ्या श्रोत्यांपुढे बोलायला उभा राहिला. त्या दिवशी आपल्याला नीट उभंही राहता येत नव्हतं, दोन शब्दसुद्धा अडखळल्याशिवाय निघत नव्हते, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. सरावाने ती भीती गेली. पुढे सुरू झालं ते जास्त चमत्कारिक होतं. चळवळीतलेच गोरे सहकारी त्याला सांगू लागले, की तू फक्त तुझी हकिगत सांग, तत्त्वज्ञान आम्ही बघतो. बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषा राहू दे, फार शिकलेला वाटू नकोस. कारण तो इतकं चांगलं बोलत होता, की हा कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. शेवटी १८४५ साली त्याने मालकांच्या नावागावांसकट आपलं आत्मचरित्र छापलं, आणि पकडून परत नेतील या धोक्यामुळे त्याला अमेरिका सोडून काही काळ ब्रिटन-आयर्लंडमध्ये राहावं लागलं.

तो अडखळला असता तर काळ्या माणसाला बोलता येत नाही हे सिद्ध झालं असतं. तो उत्तम बोलला, तर तो खराच नव्हे असं ठरलं. आमच्या स्पर्धांच्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडून हरलेली फेरी. आणि हे एकोणिसाव्या शतकात संपलं म्हणाल, तर २००७ साली जो बायडन यांनी बराक ओबामांचं कौतुक करताना त्यांना नीट बोलणारा, हुशार, स्वच्छ असा पहिलाच मुख्य प्रवाहातला आफ्रिकन-अमेरिकन म्हटलं होतं. बायडन यांना ते कौतुकच वाटत होतं. नीट बोलतो, याचं आश्चर्य ज्याच्या बाबतीत वाटतं, त्याच्याकडून काय अपेक्षा होती ते त्या आश्चर्यातच कळतं.

आपल्या मुलांचा शिक्का वेगळा आहे. तो हुशारीचा आहे, म्हणून आपण तो मिरवतो. १९६६ साली एका समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात जपानी-अमेरिकनांच्या यशावर लेख लिहिला, तिथपासून ‘आदर्श अल्पसंख्याक’ ही कल्पना रुळली आणि पुढे आपणही तिच्यात बसलो. मग स्पेलिंग बी आली. १९८५ साली बालू नटराजन जिंकला, १९९९ मध्ये नूपुर लाला जिंकली, आणि २०१९ मध्ये आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. माईकसमोर एकटं उभं राहून लाखो लोकांपुढे अवघड शब्दांची अक्षरं सांगणाऱ्या या मुलांना स्टेजची भीती आहे, असं कोण म्हणेल? पण त्या स्टेजवर मुलाला मत विचारत नाहीत. तिथे तो साच्यात अगदी फिट बसतो. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात बंदुकांच्या कायद्यावर बोलायला उभा राहिला, की पहिल्या वाक्याआधीच साच्याबाहेर पडलेला असतो.

चांगला शिक्काही त्रास देतो. सप्ना चेरियन आणि गॅलन बोडेनहाउझेन यांनी २००० साली केलेल्या प्रयोगात आशियाई-अमेरिकन मुलींना गणिताच्या परीक्षेआधी, तुमच्या वंशाच्या लोकांकडून जग गणितात हुशारीची अपेक्षा करतं, याची आठवण करून दिली. त्यांचे गुण कमी आले. लक्ष विचलित झालं, अपेक्षेचं ओझं झालं. आपण मात्र ही आठवण रोज जेवणाच्या टेबलावर करून देतो.

एक कबूल केलं पाहिजे. या विषयाची सुरुवात जिथून झाली, तो स्टॅनफर्डमधला क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांचा १९९५ चा प्रसिद्ध प्रयोग आज वादात आहे. एकच परीक्षा बुद्धिमत्ता मोजणारी म्हणून दिली की काळ्या विद्यार्थ्यांची कामगिरी घसरते, आणि तसं न सांगता दिली की सुधारते, असं त्यांना दिसलं होतं. नंतर मोठ्या संख्येवर पडताळण्या झाल्या तेव्हा असे परिणाम पुष्कळ लहान दिसले, काही ठिकाणी दिसलेच नाहीत. त्यामुळे कोणी हे ब्रह्मवाक्य म्हणून सांगू लागलं तर सावध राहा. मला वाटतं ते असं : तिथे मुलांपुढे कागद होता. भाषणात समोर माणसं असतात, आणि कागदाला दिसत नाही ते त्यांना दिसतं.

माणसांना जे दिसतं त्याचं ऐकण्यावर काय होतं, हे जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रूबिन यांनी १९९२ साली तपासलं. ओहायोत वाढलेल्या, इंग्रजीच मातृभाषा असलेल्या एका बाईंच्या आवाजात छोटं व्याख्यान ध्वनिमुद्रित केलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाला ते ऐकवताना पडद्यावर गोऱ्या बाईंचा फोटो ठेवला, दुसऱ्या गटाला आशियाई बाईंचा. आवाज एकच, शब्द तेच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्या आवाजात परदेशी ढब ऐकू आली. आणि ऐकलेलं किती समजलं हे मोजलं, तर तिथेही ते मागे पडले. म्हणजे ढब तोंडात नव्हती, ऐकणाऱ्याच्या कानात होती, आणि तरी कमी समजल्याचा भुर्दंड बोलणाऱ्या बाईंनाच.

आपली मुलं या प्रयोगाचं नाव न ऐकताही हे जाणतात. ती इथेच जन्मली, त्यांचं इंग्रजी न्यू जर्सीचं किंवा टेक्ससचं आहे, तरी नवीन वर्गात पहिल्यांदा बोलताना ती एकेक शब्द घासूनपुसून काढतात. हजेरी घेताना शिक्षक एका नावापाशी थांबतो, ओठ हलवून बघतो, तेवढ्यात मूल स्वतःच हात वर करून ‘ते मीच’ म्हणतं. भाषणाची भीती तिथून सुरू झालेली असते, माईक अजून दूर आहे. आणि मागच्या बाकावर कोणी ना कोणी ‘थँक यू, कम अगेन’ म्हणणारा असतोच. हे पालुपद ज्याचं, तो ‘सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतला भारतीय किराणा दुकानदार अपू १९९० साली टीव्हीवर आला. हँक अझारिया या गोऱ्या नटाने तो आवाज तीस वर्षं काढला आणि २०२० मध्ये थांबवला. पण तोवर दोन पिढ्यांच्या मुलांनी आईवडिलांचं इंग्रजी त्या आवाजातून ऐकायला शिकून घेतलं होतं. कार्यक्रमाला शाळेत येऊ नका असं आपली मुलं का म्हणतात, याचं उत्तर बऱ्याच घरांत इथे आहे.

आता माझ्या अनुभवातलं. इथल्या शालेय स्पर्धांत प्रत्येक फेरीनंतर परीक्षक बॅलट भरतो : क्रमांक, गुण आणि दोन-चार ओळींचा शेरा. स्पर्धा संपली की मुलं ती बॅलटं वाचतात, आणि मीही त्यांच्याबरोबर वाचते. भारतीय आणि चिनी मुलांच्या बॅलटांवर एक शेरा फार येतो : तयारी उत्तम, पण यंत्रासारखं वाटलं. पाठ केल्यासारखं. थोडं मन ओतायला हवं. आता ‘मूळ वक्तृत्व’ या, म्हणजे स्वतः लिहिलेलं भाषण म्हणायच्या प्रकारात सगळीच मुलं भाषण पाठ करून येतात, तो नियमच आहे. मग पाठांतर दिसतं ते काही चेहऱ्यांवरच कसं? काळ्या मुलींच्या बॅलटांवर शेरा उलटा असतो. मन भरपूर ओतलं, जरा आक्रमक वाटली, सूर खाली आण. एकीला वर चढायला सांगतात, दुसरीला खाली उतरायला, आणि दोघी एकाच वर्गात माझ्यासमोर बसून विचारतात, की नक्की किती मोठ्याने बोलायचं. माझ्याकडे याचे आकडे नाहीत आणि मी तसा दावाही करत नाही. पण दहावीतल्या मुलाला आकडे लागत नाहीत. तीन स्पर्धांत तोच शेरा आला की चौथ्या स्पर्धेत तो स्वतःचं बोलणं बाहेरून ऐकत बोलतो. मन ओतल्यासारखं दिसतंय ना, यावर त्याचं लक्ष जातं, मुद्दा सुटतो, अडखळतो. मग आपण म्हणतो, बुजरा आहे.

हार्वर्डच्या प्रवेशांवरचा खटला आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चिला गेला, म्हणून त्याची आठवण करून देते. आशियाई अर्जदारांना अभ्यासात गुण चढे, पण ‘व्यक्तिमत्त्वाच्या’ गुणांकनात कमी, ही आकडेवारी त्यात पुढे आली. त्याचा अर्थ काय लावायचा यावर न्यायालयातही एकमत नव्हतं. २०१९ साली जिल्हा न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव नाही म्हटलं, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घ्यायची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. आपण त्या निकालावर पेढे वाटले की नाही, हा वेगळा विषय. व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी का, याचा जो राग आपल्याला आला, तो पत्रक लिहिताना कुठे जातो, एवढंच विचारते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. सत्या नाडेला २०१४ पासून, सुंदर पिचाई २०१५ पासून एवढ्या मोठ्या कंपन्या चालवतात, सगळ्या जगापुढे बोलतात, त्यांना कुठे आडवं आलं काही? शिवाय आम्ही नाही का भाषणं केली? टिळक पुण्यतिथीला, पंधरा ऑगस्टला, तालुक्याच्या स्पर्धेत?

केली की. पण कुठल्या सभागृहात? नाडेला आणि पिचाई बोलायला शिकले ते हैदराबादला आणि चेन्नईला. आपल्यातले बहुतेक जण बोलायला शिकले ते नाशिक, सांगली, अमरावतीच्या शाळांत, जिथे समोरच्या रांगेत आपल्यासारखेच चेहरे होते. चुकलो तर ‘जोशी चुकला’ एवढंच होतं, ‘हे लोक असेच’ असं कोणी म्हणत नव्हतं. तो पाया घेऊन आपण पंचविशीत इथे आलो. मुलांना तो पाया मिळालेला नाही. ती पहिल्या इयत्तेपासून अशा खोलीत बोलताहेत जिथे त्यांच्या चुकीचं बिल आख्ख्या समाजाच्या नावावर फाडलं जातं.

अर्थात हे ‘आपल्यातले बहुतेक’ सुद्धा जपून म्हणते आहे. ज्यांना वर्गात आधी आडनाव विचारलं गेलं, ज्यांनी ‘पानी’ म्हटल्यावर आख्खा वर्ग हसला, त्यांना वरचे परिच्छेद वाचताना नवीन काहीच वाटलं नसेल. मंडळांत अशी माणसं आहेत. ती हिशेब बघतात, हॉल लावतात, जेवणाची व्यवस्था बघतात आणि निवेदनाला कधी पुढे येत नाहीत. त्यांना आपण कधी विचारलंय का, की का येत नाही? मुलांच्या भीतीबद्दल मला सर्वांत शहाणपणाचं बोलणं ऐकायला मिळालं ते अशाच एका पालकाकडून. ते म्हणाले, मॅडम, माझी मुलगी बोलायला घाबरत नाही, ती हसण्याला घाबरते. कार्यशाळेच्या पत्रकापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगाचं आहे.

हसण्यावरून आपल्या कार्यक्रमांकडे येते. गणपतीत मुलांच्या नाट्यछटा असतात. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा महिनाभर तयारी करून शिवाजी महाराजांचं आग्र्याचं स्वगत म्हणतो. त्याचा ‘त’ इंग्रजी वळणाचा, ‘ळ’ कुठे गेला तो कळत नाही. सभागृहात हशा पिकतो. ‘किती गोड!’ निवेदिका माईकवर म्हणते, ‘बघा हं, आमचे अमेरिकन शिवबा!’ टाळ्या. मुलगा हसतो, कारण दुसरं काय करणार? त्याने ते गंभीरपणे म्हटलं होतं. शाळेत चेहऱ्यामुळे त्याची ढब ऐकतात, इथे ढबीमुळे त्याचं म्हणणं ऐकत नाहीत. पुढच्या वर्षी तो तबला वाजवतो म्हणतो, आणि आपण समजतो त्याला बोलण्यात रस राहिला नाही.

त्याच कार्यक्रमात नंतर मोठ्यांचं विनोदी नाटुकलं असतं. त्यात एक मद्रासी शेजारी असतो, एक गुजराती मोटेलवाला असतो, आणि मोठ्या आवाजात, हातवारे करत बोलणारा एक काळा माणूस असतो, कधी सिक्युरिटी गार्ड, कधी चोर. अपूवर आपण रागावतो आणि हे आपण बसवतो. मुलं पहिल्या रांगेत बसून बघतात. त्यांच्या शाळेतले मित्र असतात ते.

काळ्या लोकांबद्दल आपण मंडळात जे बोलतो त्यावर एक संपूर्ण पत्र होईल. इथे तेवढं लिहीत नाही. पण १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, आणि बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि काळे या दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याबद्दल लिहिलं. हे आपण एप्रिलमधल्या जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. मग स्पर्धेचा मोसम सुरू होतो, आणि परीक्षकांच्या खोलीत बेगल खात आपलेच पालक म्हणताना मी ऐकलंय : तो काळा मुलगा बोलला मस्त, त्यांना ते जमतंच, पण मुद्द्यांत दम नव्हता. मुद्दे कोणते होते, विचारलं तर आठवत नाहीत.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. या स्पर्धांत प्रत्येक शाळेला मुलांच्या संख्येप्रमाणे परीक्षक पुरवावे लागतात, आणि ते बहुतांशी पालक असतात. ज्या भागात आपली वस्ती जास्त, तिथे शनिवारी सकाळी साताला कॉफीचा कप घेऊन बॅलट भरायला बसणाऱ्यांत मराठी आई-बाबा पुष्कळ असतात. म्हणजे या प्रकरणात आपण नुसते सोसणारे नाही आहोत. देशभरातल्या कितीतरी मुलांच्या भीतीची पेन्सिल आपल्या हातात आहे.

तेव्हा मागणं असं. स्पर्धांचा मोसम शरद ऋतूत सुरू होतो. त्याआधी मंडळाने एक सकाळ मुलांच्या कार्यशाळेऐवजी पालक-परीक्षकांच्या कार्यशाळेला द्यावी. मी येईन, मानधन नको. त्यात शिकायचं फार नाही. ऐकायच्या आधी कागदावर लिहा की तुम्ही कशाला गुण देणार. शेरा लिहिलात, तर मुलाने उच्चारलेलं कोणतं वाक्य ऐकून तो लिहिलात, ते वाक्य शेजारी लिहा. ‘यंत्रासारखं’ असं लिहिलंत आणि शेजारी लिहायला वाक्य सापडलं नाही, तर खोडा. आणि ‘आक्रमक’ हा शब्द गोऱ्या मुलासाठी शेवटचा कधी लिहिला होता ते आठवून बघा.

मुलांची कार्यशाळा बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्यातला एक तास मात्र माझ्या मते या विषयाला हवा. आपण मुलांना शिक्क्यांबद्दल सांगत नाही, कारण सांगितलं तर ती जास्त घाबरतील अशी आपली समजूत आहे. मायकेल जॉन्स, टोनी श्मेडर आणि अँडी मार्टेन्स यांनी २००५ साली उलट पाहिलं : गणिताच्या परीक्षेआधी मुलींना, तुम्हाला वाटणारी धाकधूक या शिक्क्यामुळे असू शकते, असं सरळ सांगितलं तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. भाषणाबाबत केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचं २००३ चं काम आहे. आपली धडधड लोकांना वाटते तितकी दिसत नाही, एवढंच वक्त्यांना आधी सांगितलं, तर त्यांची भाषणं खरंच चांगली झाली. मी वर्गात दोन्ही सांगते. धडधड कोणाला दिसत नाही. चेहरा दिसतो, आणि त्याबद्दल समोरच्याने काही ठरवलं असेल तर ती त्याची तयारी कच्ची आहे, तुझी नाही. मुलं यावर हसतात, पण हे हसणं वेगळं असतं.

विवेकानंद तर आपल्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत भगवा फेटा बांधून येतात आणि ‘अमेरिकेतल्या बंधू-भगिनींनो’ म्हणून टाळ्या घेतात. त्यांनी नंतर आपल्या शिष्याला लिहिलेल्या पत्रातला भाग कोणी म्हणत नाही : ११ सप्टेंबर १८९३ ला काळीज धडधडत होतं, जीभ कोरडी पडली होती, आणि सकाळच्या सत्रात बोलायची हिंमतच झाली नाही. ज्या देशात हिंदू माणूस म्हणजे काय हे चर्चमधल्या चित्रांवरून ठरलेलं होतं, तिथे ते बोलायला उभे राहिले ते दुपारी. हा भाग मुलांना द्या. पाठांतराला नाही, वाचायला.

आणखी दोन गोष्टी कार्यकारिणीच्या हातातल्या आहेत. पहिली, निवेदकांना सूचना : मुलांच्या उच्चारांवर माईकवरून एक अक्षर बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. मूल जे बोललं त्याबद्दल एक प्रश्न विचारा. शिवबा झालेल्या मुलाला विचारा, की आग्र्यात महाराजांना सर्वांत जास्त राग कशाचा आला असेल. तो इंग्रजीत उत्तर देईल. देऊ दे. दुसरी, पुढच्या नाटुकल्याचं स्क्रिप्ट मंचावर जाण्याआधी मंडळातल्या हायस्कूलच्या दोन मुलांना वाचायला द्या आणि त्यांना काट मारायचा अधिकार द्या. नाटक बसवणारे रुसतील. दिवाळी पहाटेला पुन्हा येतील, येतातच.

आणि पत्रकातलं ते वाक्य. ते काढायला ठराव लागत नाही, पण बाकीच्या गोष्टींना लागेल, म्हणून विनंती : हे पत्र पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या, आणि ‘आयत्या वेळचे विषय’ यात नको. तिथे पोचेपर्यंत निम्मे लोक गाडी काढायला गेलेले असतात.

कळावे,

आपली,
न्यू जर्सीतली एक परीक्षक आणि दोन मुलांची आई